मराठी संगीत रंगभूमीवरील ऑर्गन आणि ऑर्गनवादक

मराठी संगीत नाटकाविषयी जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा ते प्रायः नाटककार, गायक-नट आणि फार तर पदांना चाली देणारे संगीतकार यांच्याविषयी असते. हे स्वाभाविकच आहे. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असत ते नट, आणि छापील पुस्तकावर नाव असे ते नाटककाराचे. परंतु ज्यांनी संगीत नाटकाचा प्रयोग एकदा तरी मन लावून ऐकला आहे, त्यांनी आपल्या स्मृतीला थोडे विचारून पाहावे. नाट्यगृहातील दिवे मंदावतात, तिसरी घंटा होते, धुपाचा वास पसरतो, आणि पडदा उघडण्यापूर्वीच रंगमंचाच्या पायथ्याशी कोठेतरी एक संथ, भरदार सूर उमटून सारे नाट्यगृह व्यापून टाकतो. नांदीचा पहिला शब्द त्यानंतर येतो. रसिकांच्या लेखी नाटक सुरू होते ते त्या सुरापासून. तो सूर ऑर्गनचा.

या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाने सादर केलेल्या संगीत नाटकांच्या जुन्या हस्तपत्रिका चाळण्याचा योग आला. त्यांत लहानमोठ्या सर्व भूमिका करणाऱ्यांची नावे आहेत, रंगभूषाकार आहे, नेपथ्यासाठी सामान देणारा व्यापारी आहे, इतकेच काय पण चहापानाची व्यवस्था पाहणाऱ्यांचेही आभार आहेत. ऑर्गनवर कोण बसले होते, हे मात्र एक-दोन पत्रिका सोडल्या तर कोठेही नाही. ‘साथ : स्थानिक कलावंत’ एवढ्या तीन शब्दांत तो विषय आटोपलेला आहे. हा दोष एकट्या आपल्या मंडळाचा नव्हे. मराठी रंगभूमीच्या इतिहासानेच या माणसांच्या बाबतीत असाच हात आखडता घेतला आहे. त्या उणिवेची अल्पस्वल्प भरपाई करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

परदेशी वाद्याचा प्रवास

ऑर्गन हे वाद्य मुळात आपले नाही. चर्चमध्ये नळ्यांचा प्रचंड ऑर्गन असतो, त्याच्याशीही आपल्या नाटकातील ऑर्गनचे नाते दूरचेच. आपला ऑर्गन हा पितळी रीडचा. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबँ याने हार्मोनियम सिद्ध केले. पायाने भाता चालवायचा, भात्यातील हवा पितळेच्या पातळ जिभांवरून बाहेर लोटायची आणि त्या जिभांच्या कंपनातून सूर काढायचा, असे त्याचे तत्त्व होते. पुढे अमेरिकेत याच कल्पनेला उलटे रूप मिळाले. तेथील कारागिरांनी भात्याने हवा बाहेर लोटण्याऐवजी आत ओढून घेण्याची योजना केली. हवा रीडमधून आत शोषली जाऊ लागली आणि त्यामुळे आवाजातील कर्कशपणा कमी होऊन त्याला गोलाई आली. बॉस्टनची ‘मेसन अँड हॅम्लिन’ ही १८५४ साली स्थापन झालेली पेढी आणि व्हर्मांट राज्यातील ब्रॅटलबरो या गावची ‘एस्टी’ ही पेढी, या दोघांची नावे या वाद्याच्या इतिहासात अग्रभागी आहेत. एकट्या एस्टीच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक ऑर्गन बाहेर पडले. ते गेले मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत, लहान गावांतील प्रार्थनामंदिरांत आणि मिशनऱ्यांच्या सामानातून सातासमुद्रापार.

हिंदुस्थानात या कुलातील वाद्यांना दोन वाटा फुटल्या. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात पायपेटीला आटोपशीर रूप देऊन हाताने भाता मारण्याची पेटी प्रचारात आणली. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांना ती सोयीची वाटली व बघता बघता ती देशभर पसरली. दुसरी वाट पायपेटी आणि ऑर्गन या खुर्चीवर बसून वाजवण्याच्या वाद्यांची. त्या वाटेचा सर्वांत मोठा मुक्काम पडला तो मराठी नाटक मंडळ्यांत.

संगीत नाटकात प्रवेश

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तेव्हा नाटकातील संगीत हे बव्हंशी पद म्हणण्याच्या पद्धतीचे होते. कीर्तन, साकी, दिंडी, लावणी आणि कर्नाटकी चाली यांचा तो मेळ होता. पदे संख्येने पुष्कळ, पण प्रत्येक पद आटोपशीर. साथीला मुख्यतः सारंगी आणि तबला. पुढील तीस वर्षांत हे चित्र पालटले. पदांची संख्या घटली आणि प्रत्येक पदाचा विस्तार वाढला. श्रोत्यांना आता पदातून रागाचे दर्शन हवे होते.

या पालटाचा निर्णायक टप्पा म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना चाली दिल्या कै. गोविंदराव टेंबे यांनी. ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे जन्मलेले गोविंदराव हे पेटीवादक. पेटीचे शिक्षण त्यांनी कोणा एका गुरूपुढे बसून घेतले नव्हते. भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांची साथ करता करता आणि थोरांचे गाणे कानांत साठवता साठवता त्यांचा हात तयार झाला. ठुमरी, कजरी अशा उत्तरेकडील गानप्रकारांचा रंग त्यांनी ‘मानापमाना’त आणला आणि नाट्यपद हे स्वतंत्र, नखरेल व विस्तारक्षम गाणे बनले. १९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांच्या मालकीची गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. म्हणजे त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या नाटक मंडळीच्या तीन मालकांपैकी एक पेटीवादक होता. मराठी रंगभूमीवर पट्ट्यांच्या वाद्यांना जे स्थान मिळाले, त्याची कल्पना या एका गोष्टीवरून यावी.

पुढे १९१६ साली ‘स्वयंवर’ आले. त्याच्या चाली भास्करबुवांच्या, म्हणजे एका श्रेष्ठ ख्यालगायकाच्या. नाट्यपद आता मैफलीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. गाणे जसे विस्तारले तशी साथही भरदार हवी झाली. गंधर्व मंडळीत सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि जोडीला ऑर्गन असा साज जमला. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे यांच्यासारखे वादक बसत. सारंगीने गळ्याची वळणे टिपावी, तबल्याने लय राखावी आणि ऑर्गनने या सर्वांच्या खाली सुरांची जमीन अंथरावी, अशी ती वाटणी होती.

ही जमीन आवश्यक होती याचे एक साधे कारण आहे. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. कनातीच्या किंवा पत्र्याच्या तात्पुरत्या नाट्यगृहात शेकडो प्रेक्षक बसत आणि नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असे. हातपेटीचा सूर त्या जागेत विरून जाई. पायाने चालणाऱ्या ऑर्गनच्या मोठ्या भात्याचा दमदार, न तुटणारा सूर मात्र मागच्या बाकांपर्यंत जाई आणि गायकाच्या आवाजाला पाठीशी घेई. शिवाय वादकाचे दोन्ही हात मोकळे असत. डाव्या हाताने खालच्या सप्तकातील षड्ज-पंचम धरून ठेवावा आणि उजव्या हाताने गायकाच्या मागोमाग जावे, हे हातपेटीवर साधणारे नव्हते.

हे अवजड वाद्य मंडळ्यांनी गावोगाव नेले. बडोदे, इंदूर, नागपूर, बेळगाव, हुबळी, धारवाड, हैदराबाद असे मुक्काम करीत नाटक मंडळ्या हिंडत. पडदे, पोशाखांच्या पेट्या आणि भांडीकुंडी यांबरोबर ऑर्गनही आगगाडीच्या डब्यात चढे आणि बैलगाडीतून थिएटरवर उतरे. बडोद्यात सयाजीराव महाराजांचा आश्रय गंधर्व मंडळीस लाभला होता. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मायबोलीचे नाटक ज्या सुरांबरोबर भेटले, त्यांत या ऑर्गनचा सूर होता. बृहन्महाराष्ट्रातील जुन्या पिढीला तो सूर ऐकून गहिवरून येते, त्याचे मूळ येथे आहे.

वादकाचे काम

ऑर्गनवादकाने नेमके काय करायचे असते, हे प्रेक्षकांना सहसा कळत नाही. ते कळू नये, हीच त्याच्या कौशल्याची कसोटी होय. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट सूर देण्याची. नट गद्य भाषण करीत असतो. भाषणाच्या अखेरीस पद यायचे असते. बोलण्यातून गाण्यात शिरण्याचा हा क्षण संगीत नाटकातील सर्वांत नाजूक क्षण. सूर लवकर दिला तर भाषणाचा परिणाम बिघडतो, उशिरा दिला तर नट अधांतरी उभा राहतो. जाणता वादक भाषणाच्या शेवटच्या वाक्याखालीच, ऐकू येईल न येईल असा षड्ज धरतो आणि वाक्य संपता संपता तो अलगद भरत नेतो. नटाला आपला सूर सापडतो आणि प्रेक्षकाला मात्र वाटते की गाणे भाषणातूनच उगवले. यासाठी वादकाला केवळ पदे पाठ असून भागत नाही. त्याला सारे नाटक पाठ असावे लागते, आणि आज नट कोणत्या वाक्यावर थांबणार, कोठे दोन शब्द गाळणार, याचाही अंदाज असावा लागतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपल्याकडे गायकाची पट्टी सांगण्याची जी भाषा आहे, ती या वाद्यानेच दिलेली आहे. ‘काळी एक’, ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ ही नावे म्हणजे वाद्यावरील पट्ट्यांचे क्रमांक. एका नाटकात तीन गाणारे नट असले की तीन पट्ट्या येत, आणि मुख्य नटाचा घसा त्या रात्री बसलेला असला तर आयत्या वेळी चौथी पट्टी. प्रत्येक पट्टीत बोटांची ठेवण बदलते. काळी एकमध्ये सराईतपणे वाजणारी तान पांढरी पाचमध्ये बोटांना परकी वाटू लागते. ज्याचा हात सर्व पट्ट्यांतून सारखाच फिरे, त्याला मंडळीत मान असे.

तिसरी गोष्ट भरण्याची. गायक श्वास घेतो तेवढ्या अवकाशात त्याचीच शेवटची स्वरपंक्ती हलकेच उचलून धरायची, आणि तो पुन्हा गाऊ लागताच मागे सरायचे. तान कोठे जाणार हे आधी ओळखायचे, पण तानेच्या पुढे पळायचे नाही. गायक बेसूर होऊ लागला तर त्याच्या कानाला जाणवेल एवढाच योग्य सूर ठसवायचा आणि प्रेक्षकाला मात्र काही जाणवू द्यायचे नाही. एखाद्या पदाला ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा, आणि त्यात गायक दर वेळी नव्या जागा घेणार. ‘वन्समोअर’ची पावती गायकाची असे, आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतील नव्या जागा तयारीशिवाय सांभाळण्याचे काम वादकाचे.

चौथी गोष्ट पायांची. ऑर्गनचा श्वास वादकाच्या पायांत असतो. दोन पायटे आलटून पालटून दाबताना हवेचा ताण समान राहिला तर सूर अखंड वाहतो, तो कमीजास्त झाला तर सुराला हिसका बसतो. पण हाच ताण जाणून कमीजास्त केला की सुराला उठाव येतो. गुडघ्यांच्या बाजूला असलेल्या दोन दांड्यांनी आवाज खुलवता वा आवरता येतो. समोरच्या स्टॉपरांच्या ओळीतून कोणते ओढावे आणि कोणते मिटवावे, यावर आवाजाचा पोत ठरतो. करुण पदाला एक पोत, वीररसाच्या पदाला दुसरा. हात, पाय, गुडघे, कान आणि रंगमंचाकडे लागलेली नजर, ही सारी एकाच वेळी कामात. आणि हे रात्रभर, कारण जुनी नाटके पाच-पाच सहा-सहा तास चालत.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या वाद्यावर आक्षेप काही थोडे नव्हते, आणि ते अगदीच निराधारही नव्हते. पट्ट्यांच्या वाद्यात स्वर ठराविक जागी बांधलेले. दोन पट्ट्यांमधील श्रुती त्यात नाहीत, मींड नाही, आंदोलन नाही. शिवाय पाश्चात्त्य पद्धतीने सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्याने आपला शुद्ध गंधार किंवा धैवत त्यावर नेमका लागत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली श्रुतींविषयी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोपही झाला. ती पेटी विद्वानांच्या चर्चेत राहिली, रंगभूमीवर रुळली नाही. पुढे नभोवाणीने तर १९४० च्या मार्चपासून हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदीच घातली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचाही या वाद्यास विरोध होता. ती बंदी १९७१ मध्ये शिथिल होईपर्यंत तीन दशके गेली.

नवलाची गोष्ट अशी की, ज्या काळात हे वाद्य नभोवाणीवर निषिद्ध होते, त्याच काळात मराठी नाट्यगृहांत त्याच्या सुराशिवाय पडदा उघडत नव्हता. याचे उत्तर शास्त्रात सापडत नाही, ते वादकांच्या हातात सापडते. चांगल्या ऑर्गनवादकाला आपल्या वाद्याची उणीव पुरेपूर ठाऊक असे. गायक मींड घेऊ लागला की तो उजवा हात आखडता घेई आणि केवळ षड्जाची आस धरून ठेवी. जेथे सूर चढवून वा उतरवून लावायचा, तेथे तो त्या पट्टीला स्पर्शच करीत नसे. शेजारच्या पट्टीचा निसटता कण देऊन आणि एक बोट उचलण्यापूर्वी दुसरे टेकवून तो तुटक स्वरांना जोडीत असे. वाद्य परदेशी होते, ते मराठी झाले ते या संयमामुळे. काय वाजवावे हे पुष्कळांना येते, काय वाजवू नये हे थोड्यांना. संगीत नाटकाने हे थोडे लोक घडवले.

बोलपट आला तेव्हा

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट मुंबईत झळकला. पुढल्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची आणि संगीतही त्यांचेच. रंगभूमीवर पेटीवादकाला प्रतिष्ठा मिळवून देणारा हा कलावंतच रंगभूमीचे प्रेक्षक ओढून नेणाऱ्या नव्या माध्यमाचा एक प्रवर्तक ठरला. काळाची गती अशी असते. पाहता पाहता नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. गंधर्व मंडळीसह मोठमोठ्या मंडळ्या चौथ्या दशकात मोडकळीस आल्या. साथीदार पांगले.

याच सुमारास, याच कारणाने, पश्चिमेकडेही एका ऑर्गनवर आणि त्याच्या वादकांवर असाच प्रसंग ओढवला होता. त्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. ‘थिएटर ऑर्गन’ म्हणून पाश्चात्त्य देशांत जे वाद्य ओळखले जाते, ते आपल्या ऑर्गनहून सर्वस्वी भिन्न. ते नळ्यांचे आणि अवाढव्य. रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्रज मूळचा टेलिफोनच्या क्षेत्रातला. त्याने पट्टी आणि नळी यांमधील सांधा विजेच्या तारेने जोडला, त्यामुळे वादक एकीकडे आणि नळ्या भिंतीआडच्या दालनात दुसरीकडे, अशी मांडणी शक्य झाली. तो अमेरिकेत गेला, १९१० साली त्याचा व्यवसाय वुर्लिट्झर या पेढीकडे गेला आणि १९१४ साली निराशेच्या भरात त्याने आयुष्य संपवले. त्याच्या कल्पनेतून वुर्लिट्झरने दोन हजारांवर ऑर्गन बांधले. मूकपटाच्या पडद्यासमोर एकटा माणूस बसून वादळ, पाठलाग, विरह आणि लग्नाची मिरवणूक या सर्वांना आवाज देई. झांजा, ढोल, घंटा, पक्ष्यांची किलबिल, सारे त्याच्या बोटांखाली. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट चित्रगृहातील जेसी क्रॉफर्ड याला लोक ऑर्गनचा कवी म्हणत.

१९२७ साली अमेरिकेत पडदा बोलू लागला आणि या वादकांची गरजच उरली नाही. इंग्लंडात मध्यंतरातील वादनाच्या रूपाने ही परंपरा आणखी काही काळ टिकली. ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये रेजिनाल्ड डिक्सन याने १९३० पासून १९७० पर्यंत, चाळीस वर्षे, नाचणाऱ्या जोडप्यांसाठी ऑर्गन वाजवला. अमेरिकेत मात्र शेकडो वाद्ये मोडीत निघाली. तेव्हा तेथील रसिकांनी १९५५ साली आपली संघटना स्थापन केली. त्यांनी बंद पडलेल्या चित्रगृहांतून वाद्ये विकत घेतली, रिकाम्या वेळात हाताने साफ केली, पुन्हा उभी केली आणि जुन्या वादकांना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून ती वाजवून घेतली. वादकांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, नावानिशी चरित्रे लिहिली गेली. तेथे कोणत्या चित्रगृहात कोण वाजवीत असे, हे आज शोधू म्हटले तर सापडते. आमच्याकडे मात्र बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर जपून ठेवल्या गेल्या, पण मुद्रिकेच्या लेबलवर गायकाचे आणि नाटकाचे नाव असे, साथीदाराचे सहसा नसे. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या मुद्रिकेत जो ऑर्गन आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, तो वाजवणारा माणूस आपल्यापैकी बहुतेकांना अनोळखीच राहिला.

उत्तरकाळातील वादक

संगीत नाटक मात्र संपले नाही. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी आपल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेद्वारे जुनी नाटके जागती ठेवली. छोटा गंधर्व, राम मराठे यांच्यासारख्यांनी नाट्यपदांत मैफलीची नवी जान ओतली. १९६० नंतरच्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ अशी नवी संगीत नाटके आली आणि ऑर्गनवरचे कापड पुन्हा बाजूला झाले.

या उत्तरकाळाचे नाव घ्यायचे तर ते कै. गोविंदराव पटवर्धन यांचे. १९२५ साली जन्मलेले आणि १९९६ साली दिवंगत झालेले गोविंदराव हे पेटी आणि ऑर्गन या दोन्हींवर सारखेच प्रभुत्व असलेले वादक. कोणत्याही नाटकातील कोणतेही पद कोणत्याही पट्टीत, आयत्या वेळी, कागद समोर न ठेवता वाजवण्याचे त्यांचे सामर्थ्य नाट्यवर्तुळात आदराचा आणि कौतुकाचा विषय होते. नट नवशिका असो की कसलेला, गोविंदराव ऑर्गनवर आहेत एवढे कळले की तो निर्धास्त होई. गोव्यातील बोरी गावचे पं. तुळशीदास बोरकर हे मधुकर पेडणेकर यांचे शिष्य. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. बेळगावचे पं. रामभाऊ विजापुरे २०१० साली वयाची नव्वदी ओलांडून निवर्तले. पेटी आणि ऑर्गनच्या जगातील ही जाणती पिढी अशी एकेक करून काळाच्या पडद्याआड गेली. सुदैवाने त्यांच्या हाताखाली तयार झालेले वादक आजही नाट्यसंगीताच्या मैफलींतून ऑर्गनची साथ करतात. परंतु पाच तासांचे नाटक गद्यासकट पाठ असलेला वादक घडण्यासाठी नाटकाचे जे शेकडो प्रयोग लागतात, ते आज होत नाहीत, हेही तितकेच खरे.

स्मृती आणि कर्तव्य

ऑर्गनचा सूर कानी पडताच जुन्या रसिकाच्या डोळ्यांत पाणी का येते? केवळ गतकाळाची ओढ म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. पश्चिमेत हे वाद्य पियानो आणि रेडिओ यांच्यापुढे मागे पडले. एस्टीचा कारखाना १९६० साली बंद झाला. ज्या देशाने ते घडवले, त्या देशातील घरांत ते शोभेचे फर्निचर होऊन बसले. त्यानंतरही मराठी नाट्यगृहात ते जिवंत राहिले, कारण येथे त्याला गाणाऱ्या माणसाचा शेजार होता. आपण ज्याला ऑर्गनचा सूर म्हणून आठवतो, तो वस्तुतः एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेला आधार असतो. रंगमंचावरील उजेडात उभ्या असलेल्याला खालच्या अंधारात बसलेल्याने दिलेला. आपल्याला गहिवर येतो तो त्या आधाराच्या आठवणीने.

म्हणूनच वाद्य जतन करणे हे अर्धेच काम आहे. अलीकडे जुने ऑर्गन दुरुस्त करणारे, झिजलेले भाते नव्याने शिवणारे, इतकेच नव्हे तर नवे ऑर्गन बांधण्याची खटपट करणारे कारागीर महाराष्ट्रात पुढे आले आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यांतूनही आता ऑर्गनसारखा आवाज काढता येतो, आणि प्रवासाच्या सोयीसाठी कोणी ती वापरली तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सूर केव्हा द्यावा, किती द्यावा आणि केव्हा थांबावे, ही विद्या वाद्यात नसते. ती माणसात असते, आणि जाणत्याच्या शेजारी बसूनच ती मिळते.

महाराष्ट्राबाहेरील आपल्यासारख्या मंडळांना या बाबतीत काही करता येण्यासारखे आहे. ज्या मंडळाच्या कोठीत एखादा जुना ऑर्गन खुर्च्यांच्या चळतीखाली पडला असेल, त्याने तो बाहेर काढून जाणकाराला दाखवावा. गणेशोत्सवात नाट्यपदांचा कार्यक्रम करताना ध्वनिमुद्रित साथीचा सोपा मार्ग टाळून एखाद्या तरुण पेटीवादकाला जाणत्या वादकाच्या शेजारी बसवावे. आणि ज्यांनी पूर्वी आपल्या नाटकांना साथ केली, त्यांची नावे वृद्ध सभासदांना विचारून, ते आपल्यात आहेत तोवरच लिहून घ्यावीत. त्यांपैकी काही जण मराठी बोलणारेही नसतील. परप्रांतात पेटी वाजवणारा जो मिळेल तो साथीला बसे, आणि भाषा न समजताही नटाच्या चेहऱ्याकडे पाहून सूर देण्याची जागा ओळखी. त्यांचेही ऋण आपल्यावर आहे.

सुवर्णमहोत्सव हा हिशेबाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांच्या जमाखर्चात ‘स्थानिक कलावंत’ या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांखाली जी माणसे झाकून गेली, त्यांची नावे पुढील स्मरणिकेत तरी नटांच्या नावांच्या ओळीत छापली जावीत, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.